सामू, हिराकस आणि हरलेली पैज

सोलापूर,
२१ जानेवारी

प्रिय सुध्या,

गड्ड्याच्या जत्रेतली धूळ झटकून तसाच लिहायला बसलोय. आज टाळलं तर परत कबूल करायचा धीर व्हायचा नाही. दिवाळीत तुझ्या रत्नागिरीच्या पडवीत आपण भांडलो ना, ती पैज तू जिंकलास. म्हणजे अर्धी. तुला कारण सांगता येत नव्हतं, आणि मी चुकीचं कारण ठासून सांगत होतो.

तू म्हणत होतास, समुद्र आम्लाकडे झुकतोय, त्यामुळे जिथं लोह आधीच तुटपुंजं आहे तिथल्या वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, उपासमार होईल. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवणारा, त्यात सांगोल्याकडचा डाळिंबवाला. म्हटलं, खुळा की काय तू? आमच्या चुनखडीच्या रानाचा सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) आठाच्या वर. मातीत लोह भरपूर, पण झाडाला लागत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. सामू उतरला की लोह सुटतं, मग समुद्रात वेगळं कसं होईल?

माझी जिरवली ती खताच्या दुकानदारानं. बागेत पिवळेपणा दिसला म्हणून ईडीटीएवालं लोह घ्यायला गेलो, तर म्हणाला, "सर, तुमच्या रानात ड्रिपनं सोडू नका, टिकत नाही. पानावर मारा." का टिकत नाही? ईडीटीए म्हणजे लोहाला चिमट्यात धरणारा रेणू. सामू चढा असला की पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन त्या चिमट्यातून लोह ओढून घेतात, वर मातीतलं कॅल्शियम त्याची जागा बळकावतं. ते ओढलेलं लोह मग गंजासारखं बसून जातं. वीस वर्षं हे फळ्यावर लिहितोय मी. पण सात रस्त्याच्या सिग्नलला उभा असताना तेच उलटं दिसलं: सामू उतरला तर ओढणारे कमी, म्हणजे चिमटा घट्ट!

आणि समुद्रात विरघळलेलं लोह जवळपास सगळं असंच सेंद्रिय रेणूंच्या चिमट्यात असतं. प्लवकांना मिळतं ते त्यातून निसटलेलं. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या दालिन शी, फ्रान्स्वा मोरेल आणि मंडळींनी २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात हेच मांडलं होतं. ईडीटीए घातलेल्या पाण्याचा सामू उतरवला, तर डायाटमची (सिलिकेचं कवच असलेल्या प्लवकांची) लोह घेण्याची गती मंदावली. अटलांटिकच्या पृष्ठभागावरच्या पाण्यातही तसंच दिसलं. प्लवकांची लोहाची गरज मात्र कमी झाली नाही. (सगळेच चिमटे सारखे वागत नाहीत हं. काहींवर सामूचा परिणाम फारसा होत नाही. म्हणूनही पैज अर्धीच.)

त्याहून भारी गोष्ट २०१८ ची. डायाटमच्या अंगावर लोह पकडणारं एक प्रथिन असतं. ते एकट्यानं लोह धरत नाही, जोडीला कार्बोनेट लागतं. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरला की जे हायड्रोजन आयन सुटतात, ते नेमकं कार्बोनेटच खाऊन टाकतात. औद्योगिक काळाआधी समुद्राचा सामू साधारण ८.२ होता, आता ८.१ आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण हायड्रोजन आयन सव्वापट झाले रे.

प्लवकांवर जगणाऱ्या तुझ्या बांगडा माशांची काळजी इतक्यात करू नकोस. अरबी समुद्रात वाळवंटांची धूळ पडते, तिच्यातून लोह मिळतं. खरी टंचाई दक्षिण महासागरात. तिथं लिटरभर पाण्यात ग्रॅमच्या कोटीव्या भागाएवढंही लोह नसतं. २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मनांबरोबर जाऊन तिथं सुमारे ३०० चौरस किलोमीटरांत काय सोडलं असेल? हिराकस! लोहाचं सल्फेट, आपण बागेला देतो तोच. प्लवक वाढले, पण सिलिका नसल्यानं डायाटमना जोर धरता आला नाही, बाकीचे बारक्या कवचधारी प्राण्यांनी फस्त केले. प्लवकांनी शोषलेला कार्बन त्यांच्याबरोबर तळाशी जाईल ही आशा तिथंच राहिली. डाळिंबवाल्याला हे नवीन नाही, एक कमतरता भरली की दुसरी डोकं वर काढतेच.

पानांवर दोन फवारे मारलेत. शेंड्याला हिरवं दिसतंय.

ठरल्याप्रमाणे दोन किलो शेंगाचटणी पाठवायची होती. दीडच किलो पाठवतोय. कारण तुला सांगता आलं नव्हतं, त्याचा अर्धा किलो कापलाय. वहिनींना नमस्कार. हुरडा संपायच्या आत या.

तुझा,
अव्या