लॉच्या पोरांच्या हातात खरी फाईल द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी तालुका कोर्टात दिवाणीची प्रॅक्टिस करते, गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनलवरपण आहे. लॉची पोरं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात, हुशार असतात, मूट कोर्टात, म्हणजे खटला लढवायच्या सराव स्पर्धांत, बक्षिसं मिळवलेली असतात, पण खरा पक्षकार समोर बसला की पहिला प्रश्न काय विचारायचा तेच सुचत नाही. दोष त्यांचा नाहीच, तशी सवय कोणी लावलीच नाही त्यांना.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजात लीगल एड क्लिनिक, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीचं केंद्र, हवंच, आणि ते सीनियर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवायचं. पण बऱ्याच ठिकाणी वर्षातून एखादं शिबिर होतं, बॅनर, भाषणं, फोटो, ते जर्नलला लागतात आणि झालं.

क्लिनिक नीट चाललं तर काय होतं ते सांगते. एक विधवा बाई पिशवीभर कागद घेऊन आल्या, दिरानं जमिनीचा दावा टाकलेला, सातबारा, मृत्यूचा दाखला, लाईट बिलं सगळं एकत्र. क्लिनिकमधल्या विद्यार्थिनीनं आधी सगळे कागद तारखेप्रमाणे लावले आणि विचारलं, ताई, हे समन्स तुमच्या हातात कधी पडलं? त्या म्हणाल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मुलीनं लगेच कॅलेंडर काढलं, कारण समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी लागते, कोर्टानं सवलत दिली तरी साधारण ९० दिवसांपर्यंतच, आणि मुदतीतले थोडेच दिवस राहिले होते. त्याच दुपारी मोफत वकिलासाठीचा अर्ज समितीकडे आला. बाईंना वाटत होतं आधी उत्पन्नाचा दाखला काढावा लागेल, तहसीलला हेलपाटे होतील, पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये महिलांना उत्पन्नाची अटच नाही, हेही त्या मुलीनंच समजावलं. कैफियत मुदतीत गेली. दाखल मी केली पण घटनाक्रम आणि कच्चा मसुदा तिचा होता, आणि पोळ्यावरून तारीख काढायची हे कुठल्या गाईडमध्ये सापडत नाही हो.

विद्यार्थ्याला वकीलपत्र घेता येत नाही, त्याला वकिलीची सनद लागते, ते बरोबरच आहे. पण माणसाचं ऐकून घेणं, कागद लावणं, कोर्टाच्या कागदांच्या नकलेचा अर्ज भरून देणं, नोटिशीचा मसुदा, लोकअदालतीत तडजोड झाली तर त्यातली प्रत्येक ओळ पक्षकाराला त्याच्या भाषेत समजावणं, एवढं तर करता येतं ना? दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो, म्हणून एक पोरगं पास होऊन गेलं की फाईल पुढच्या वर्षाच्या मुलाकडे लिहून सोपवायची पद्धतपण हवी, नाहीतर पक्षकाराला प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि शेवटी तो यायचाच बंद होतो. आणि दुसऱ्याच्या घरातलं भांडण कॅन्टीनमध्ये बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायला हवं.

माझं विद्यापीठांना आणि प्राचार्यांना एवढंच मागणं आहे की क्लिनिक आठवड्यातून एक ठरलेला दिवस उघडं ठेवा, शक्यतो बाजाराच्या दिवशी, म्हणजे खेड्यातल्या माणसाची वेगळी खेप होत नाही. तालुका समितीला पत्र देऊन पॅनलवरचा एक वकील त्या दिवशी बसवून घ्या, आणि प्रॅक्टिकलचे मार्क शिबिराच्या फोटोवर न देता विद्यार्थ्यानं सांभाळलेल्या फाईलवर द्या. आमच्या तालुक्यात कोणतंही कॉलेज हे सुरू करणार असेल तर तो दिवस मी बसायला तयार आहे.

— एक महिला वकील, जि. सातारा