बेळगाव बासमती कुणाच्या नावावर? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

साहेब, नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानसौधात येता, तेव्हा तिथून थोड्याच अंतरावर आमच्या येळ्ळूर शिवारात भाताची मळणी चालू असते. त्यातल्या एकाच भाताबद्दल लिहितोय, बेळगाव बासमतीबद्दल.

माझी आजी रोजच्या भातात मूठभर बासमती टाकायची. तेवढ्यावर शेजारीण कुंपणावरून विचारायची, "आज कोण पाहुणे गं?" हा वाण उंच वाढतो, वाऱ्या-पावसात लोळतो, उशिरा निसवतो आणि एकरी कमी पडतो. 1968 साली जास्त पिकणारी 'जया' ही भाताची जात आली, इकडे इंटाण हे दुसरं वाणही रुजलं, पोती वाढली. त्याला नावं ठेवत नाही. 1943 साली बंगालमध्ये माणसं अन्नाविना मेली, ते पाहिलेला देश आधी पोतीच मोजणार.

पण अजूनही पोतीच मोजतोय. 2024 च्या सुगीत एका खरेदी केंद्रावर मी मुद्दाम बासमतीची ओंजळ नेली. तिथल्या माणसानं दाणे यंत्रात घातले, ओलावा 17 टक्क्यांच्या आत आहे म्हणाला, मग ओंजळ नाकाशी धरून खूश झाला. विचारलं, लावणार कशात? तर म्हणाला, "साध्यात." त्या वर्षी साध्याला 2,300 आणि 'अ' दर्जाला 2,320 रुपये क्विंटलला हमीभाव होता. वासाचा रकानाच नाही.

2016 साली 'बासमती'ला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) मिळालं ते पंजाब, हरियाणा, उत्तराखंड अशा उत्तरेकडच्या पट्ट्याला. त्यात आम्ही नाही, नसावंच, आमचा वाण वेगळा. मग याला वेगळ्या नावानं नोंदवायचं का, ते आपल्या खात्याच्या वकिलांनी सांगावं. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला मानांकन आहे, गाडीनं दोन तासांवर. (सीमाप्रश्न काढत नाही, तो सर्वोच्च न्यायालयात आहे.) आमचं मात्र भेसळीच्या पोत्यावर फक्त नाव उरलंय.

बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात शिवारात घुसतो, हलगा-मच्छे बायपासनं पिकाऊ जमीन खाल्ली, ते रडगाणं आपण ऐकलेलं आहे. ते वेगळं मांडू. इथे मागणं छोटं आहे. मुगदचं भात संशोधन केंद्र आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ हाताशी आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या घरांतून जुनं बियाणं गोळा करून त्यांनी शुद्ध करावं, आणि चेन्नईच्या मानांकन नोंदणी कार्यालयात उत्पादकांच्या नावानं अर्ज जावा. गावात वाटायचे फॉर्म मराठीतही असू द्या, म्हणजे म्हातारी माणसं स्वतः वाचून सही करतील.

येत्या अधिवेशनात एक दिवस दुपारी जेवायला या. भात बासमतीचाच असेल. फक्त दोन दिवस आधी कळवा, घरात आता बियाण्यापुरतंच उरलंय.

आपला,
येळ्ळूर शिवारातला एक भात उत्पादक