डोंगरउतारावरील गाळाचा अंदाज

महोदय,

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतले ओहोळ तांबडे होतात, त्यातली बरीचशी माती कापलेल्या उतारांवरून जेमतेम काही मिलिमीटर खोलीच्या पाण्याने ओढून आणलेली असते. नदीतील गाळासाठी बसवलेली सूत्रे या पातळ प्रवाहाला तशीच लावता येत नाहीत, कारण येथे थेंबांचा माराही कण उखडतो आणि पाण्याची खोली कधीकधी खड्याएवढीच असते. सार्वत्रिक मृदाधूप समीकरण (मुळात अमेरिकेतील शेतजमिनींवर बेतलेले) वर्षाला सरासरी किती माती वाहून जाते, एवढेच सांगते. एका रात्रीच्या मुसळधारेचा हिशेब त्यातून निघत नाही. म्हणून डोंगरकापणीला परवानगी देताना उताराच्या पायथ्याशी प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाणी व गाळ मोजणे बंधनकारक करावे.

— एक वाचक, डिचोली