मुक्ताचे अणू

फोंडा, गोवा

प्रिय अन्या,

चवथीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. तब्येत ठीक, गुडघे आहेत तसेच. मुद्दा आमच्या लेकीचा, मुक्ताचा. बंगळुरूची नोकरी सोडून पॅरिसजवळ पालेझोला पीएचडीला जायचं म्हणते. लेझरच्या चिमट्यांत एकेक रुबिडियम अणू धरून क्वांटम सिम्युलेटर करायचा, म्हणजे अणूंकडूनच पदार्थाच्या वागण्याची नक्कल करून घ्यायची. हसू नकोस. एकट्या अणूवर प्रयोग होतच नाही असं श्रोडिंगरने १९५२ मध्ये लिहिलंय, म्हणून ताळगावच्या पठारावर तू माझं डोकं खायचास. त्याच चिमट्यांसाठी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर अॅश्किनला २०१८ मध्ये ९६ व्या वर्षी नोबेल मिळालं. पैजेचा चहा अजून येणं आहे.

घरच्यांनी 'कॉम्प्युटर' एवढंच ऐकलं आणि खूश. मेव्हण्याला समजावत बसलो: चिमट्यात एक अणू, नाहीतर शून्य, दोन आले तर प्रकाशात आदळून दोघेही पसार. त्यामुळे निम्मे चिमटे रिकामे. मग फोटो काढायचा आणि म्हार्दोळच्या पंक्तीत रिकाम्या पानांवर माणसं सरकवतात तसे अणू सरकवायचे. पुढे अणूतला इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या सत्तराव्या पातळीच्या आसपास चढवला की अणू हजारो पट फुगतो आणि काही मायक्रॉनवरच्या शेजाऱ्याला चढू देत नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "आणि हे विकणार कुणाला?"

प्रश्न खोटा नाही. २०२३ मध्ये हार्वर्डवाल्यांनी २८० पर्यंत अणूंतून ४८ लॉजिकल क्यूबिट (अनेक अणू मिळून चुका सांभाळणारा एकेक क्वांटम बिट) केले, पण कामाचा कॉम्प्युटर अजून लांबच. मला भुरळ सिम्युलेटरची. २०१७ मध्ये ५१ अणूंची रांग मोकळी सोडली, तर ती विस्कटायची सोडून पुन्हा पुन्हा मूळ नक्षीकडे परतत राहिली. का, ते नंतर शोधावं लागलं!

तरी झोप नाही. तीन-चार वर्षं अंधाऱ्या खोलीत आरसे जुळवायचे, आणि हाती काय लागेल ते कुणी सांगावं? तू पीएचडी अर्धी टाकून सावईवेऱ्याच्या कुळागरात परतलास. का, ते सांगितलं नाहीस. आपला अबोला होता, मीही विचारलं नाही. मला आताही सांगू नकोस. तिला सांग. मी काही बोललो की ते बापाचं बोलणं होतं. घाबरवू नकोस, गुळमुळीतही बोलू नकोस.

सुपारीला कोळेरोग किती यंदा? धाकट्याच्या बारावीचं काय? वहिनींना नमस्कार.

मुक्ता शुक्रवारी रात्री नऊनंतर फोन करील. तुझ्या आगरात रेंज नसते, तेव्हा वर रस्त्यावर येऊन थांब.

तुझा,
विनू