कॉइल हेडमधल्या वाती आणि उघडताच रद्द होणारी वॉरंटी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : एकाच पाकिटातील कॉइल हेड्समध्ये वाती कमी-जास्त भरल्यामुळे होणारे करपणे व गळणे, आणि त्याबाबत आपल्याकडून मिळालेल्या एकमेकींना छेद देणाऱ्या सूचना

महोदय / महोदया,

आपल्या ई-सिगारेटच्या टँकला, म्हणजे लिक्विड भरायच्या टाकीला, लागणारी बदली कॉइल हेड्स (लिक्विडची वाफ करणारी तारेची कॉइल आणि तिला लिक्विड पोचवणारी वात असलेले छोटे सुटे भाग) मी बऱ्याच काळापासून घेत आलो आहे. या वेळच्या पाकिटातील पाचही हेड्स पाच तऱ्हेची निघाली. टँक तोच, बॅटरी तीच, लिक्विडही एकाच बाटलीतले. तरी एक हेड पहिल्या काही झुरक्यांतच करपले. दुसरे गुडगुडू लागले, लिक्विड तोंडात येऊ लागले आणि खालच्या हवेच्या छिद्रांतून गळून खिसा चिकट झाला. एक तेवढे व्यवस्थित चालले, त्यामुळे दोष माझ्या वापरात नसून हेड्समध्येच आहे अशी माझी खात्री झाली.

आपल्या साहाय्य विभागाला कळवले, तेव्हा पहिले उत्तर आले की मी लागोपाठ झुरके घेत असेन. दोन झुरक्यांमध्ये वातीला पुन्हा भिजायला अवकाश द्यावा लागतो, हे मला ठाऊक आहे. नवे हेड बसवताना वातीवर लिक्विडचे थेंब सोडून, टँक भरून ते मुरू देण्याचीही सवय आहे. हे कळवल्यावर दुसरे उत्तर आले, लिक्विड घट्ट असेल. आणि तिसरे, ज्यामुळे हे पत्र लिहावे लागले : "हेडची टोपी काढून वरची एक वात चिमट्याने काढून बघा."

मी काढून बघितली. हेड चालू लागले. माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते.

आपल्या हेडची रचना आपल्याला माहीत असणारच, पण उत्तरे देणाऱ्यांनी ते कधी उघडून पाहिले असावे असे वाटत नाही, म्हणून लिहितो. आडव्या कॉइलच्या पोटातून एक मुख्य वात जाते. तिची दोन्ही टोके हेडच्या भिंतीतील दोन खाचांमधून बाहेर, लिक्विडमध्ये येतात. कॉइलच्या वर, त्याच खाचांमध्ये, वातीचे आणखी तुकडे नुसते आडवे ठेवलेले असतात आणि त्यांच्यावर नळीची टोपी दाबून बसवलेली असते. या वरच्या तुकड्यांचे काम खाचेतली उरलेली फट बुजवण्याचे. फट मोकळी राहिली तर लिक्विड वातीतून झिरपण्याऐवजी सरळ आत लोटते. फट गच्च भरली तर कापसाचे तंतू दाबले जातात, त्यांच्यातल्या बारीक वाटा बंद होतात आणि कॉइल जेवढे उडवते तेवढे लिक्विड मागून येत नाही.

म्हणजे हेड करपणार, गळणार की नीट चालणार, हे त्या दीडदमडीच्या तुकड्यांवर ठरते. आणि माझ्या पाकिटात करपणाऱ्या हेडमध्ये असे दोन तुकडे होते, तेही मुख्य वातीवर घट्ट दाबलेले. नीट चालणाऱ्यात एक होता. गुडगुडणाऱ्यात एकही नव्हता. कोणी मुद्दाम प्रयोग मांडावा इतके हे स्वच्छ उदाहरण आहे, फक्त प्रयोगाचे पैसे मी भरले.

लिक्विडच्या घट्टपणाबद्दल आपण म्हणता ते अर्धेच खरे आहे. माझ्या लिक्विडमध्ये ग्लिसरिन ७० टक्के आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल ३० टक्के आहे. साध्या तापमानाला शुद्ध ग्लिसरिन हे प्रॉपिलिन ग्लायकॉलच्या साधारण वीसपट घट्ट असते, त्यामुळे ग्लिसरिनचे प्रमाण वाढले की वातीतून वर चढण्याचा वेग घटणार, हे उघड आहे. पण मग कोणत्या प्रमाणाचे लिक्विड गृहीत धरून आपण वाती भरता, हे पाकिटावर कुठे आहे? ओहम, म्हणजे कॉइलच्या तारेचा विद्युत रोध, आहे, वॅट आहे, रंगीत होलोग्रामसुद्धा आहे. ज्या एका आकड्यावर वातीचे सगळे गणित अवलंबून आहे तो मात्र नाही. आणि लिक्विड घट्ट असल्यामुळेच करपत असेल, तर त्याच पाकिटातले दुसरे हेड त्याच लिक्विडवर गुडगुडून गळले कसे?

हा केवळ चवीचा प्रश्न नाही. वात ओली असते तोवर कॉइलची उष्णता लिक्विडची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान आवाक्यात राहते. प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरिन सुमारे २९० अंशांना. वात कोरडी पडली की ही लगाम सुटते, तार भराभर तापते आणि उरलेसुरले ग्लिसरिन विघटित होऊ लागते. त्यातून ॲक्रोलिन आणि फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये तयार होतात. करपलेल्या झुरक्याला घशात जी आग होते ती उगाच होत नाही. निकोटीन अपायकारक आहे हे मला माहीत आहे आणि ते मी पत्करले आहे. वात कोंबून भरल्यामुळे होणारा अपाय मी पत्करलेला नाही.

आता आपल्या सल्ल्याकडे वळतो. आपल्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे की हेड उघडल्यास वॉरंटी रद्द होईल. आपलाच विभाग लिहितो, उघडा. पत्रकात छापले आहे की लिक्विड त्वचेला लागू देऊ नये, आणि विभाग सांगतो, निकोटीनने भिजलेल्या वाती चिमट्याने उपसा. हातमोज्यांचा उल्लेखही नाही. हेड आधी पाण्याने धुऊन सुकवावे, हेही सांगितलेले नाही. ते मला सुचले म्हणून मी केले.

शिवाय टोपी ओढताना एक गोष्ट घडते, तीही कोणी सांगितली नाही. कॉइलच्या तारेचा एक पाय खालच्या रबरी बुचाच्या आणि हेडच्या भिंतीच्या मध्ये अडकवलेला असतो, दुसरा बूच आणि मधली पिन यांच्यामध्ये. टोपी घट्ट असेल तर ओढाताणीत बूच हलते, पाय सरकतात आणि कधी एकमेकांना किंवा भलत्या धातूला टेकतात. माझ्या उपकरणाने पडद्यावर शॉर्टची सूचना देऊन वीज तोडली. ज्याच्याकडे अशी सुरक्षा नसलेली साधी बॅटरी असेल त्याने लिथियम सेलवर थेट शॉर्ट द्यायचा का? असा सल्ला ईमेलच्या एका ओळीत देऊन मोकळे होता येत नाही. वात कमी केल्यावर आधी ओहम तपासा, आकडा स्थिर असेल तरच बटण दाबा, एवढे तरी त्या ओळीपुढे हवे होते.

वातीच्या मालाबद्दल तर मला स्पष्टीकरणच हवे आहे. पाकिटावर "१०० टक्के कापूस" असे छापले आहे. उपसलेला वरचा तुकडा धुऊन, पूर्ण सुकवून मी ज्योतीत धरला. कापूस असता तर जळून राख झाली असती. हा लाल झाला आणि ज्योत काढताच जसाच्या तसा पांढरा राहिला. तो सिलिकाचा, म्हणजे काचतंतूचा आहे. मुख्य वात मात्र खरोखर कापसाची निघाली. हा तपशील क्षुल्लक नाही. सिलिकाची वात असेल तर काहीजण लिक्विडशिवाय कॉइल क्षणभर लाल करून साचलेली काजळी जाळतात, तेच कापसावर केले तर वात पेटते. सिलिका झिरपायला मंद असते, त्यामुळे घट्ट लिक्विडची अडचण तिने वाढतेच. आणि कापलेल्या टोकांचे सुटे काचतंतू झुरक्याच्या वाटेवर असावेत की नसावेत, हे ठरवण्याचा हक्क मला आहे. त्यासाठी आत काय आहे ते खरे छापलेले असावे लागते.

ओहमचेही तसेच. छापील आकडा १.८ आहे, माझ्या उपकरणावर एक हेड १.५ दाखवते. ४ व्होल्टला १.८ ओहमवर सुमारे ८.९ वॅट खर्च होतात, १.५ ओहमवर १०.७. ज्याच्या बॅटरीचा व्होल्टेज ठरलेला असतो त्याला नकळत वीस टक्के जास्त उष्णता मिळते, आणि ती नेमकी गच्च भरलेल्या वातीच्या हेडला मिळाली तर करपण्याला दुसरे कारण शोधायला नको.

तपासणीचा एक सोपा मार्ग आपल्या कारखान्यालाही उपयोगी पडेल. हेड बसवून, वीज बंद ठेवून, दोन-तीन हलके झुरके घ्यावेत. वात नीट भरलेली असेल तर लिक्विड आत शिरते, त्याच्या जागी हवा टँकमध्ये येते आणि बुडबुडे वर चढताना दिसतात. बुडबुडा येतच नसेल तर वात कोंबलेली आहे. बुडबुड्यांची रांग थांबतच नसेल तर ती सैल आहे. यासाठी ना यंत्र लागते ना प्रयोगशाळा. प्रत्येक हेड असे तपासणे परवडणार नसेल, तर प्रत्येक घाण्यातले काही तरी तपासा.

माझी मागणी अशी आहे. सदर पाकीट बदलून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी, आणि हेड्स उघडलेली आहेत या कारणाने नकार देऊ नये, कारण ती आपल्याच लेखी सूचनेवरून उघडली आहेत. तो ईमेल सोबत जोडला आहे. वरच्या वाती किती व कशाच्या आहेत आणि त्या ग्लिसरिनच्या कोणत्या प्रमाणासाठी भरल्या आहेत, हे पाकिटावर छापावे. वाती ग्राहकानेच जुळवायच्या असतील तर हेड तसे उघडण्याजोगे बनवा, जास्तीचे तुकडे सोबत द्या, सचित्र सूचना द्या आणि वॉरंटीची ती अट काढून टाका. नसतील जुळवायच्या, तर चिमट्याचा सल्ला देणे थांबवा.

पाचही हेड्स आणि उपसलेल्या वाती वेगवेगळ्या पुड्यांत, खुणा करून पाठवत आहे. उत्तर लेखी द्यावे. मी झुरके लागोपाठ घेतो की थांबून, याची चौकशी त्यात पुन्हा नसावी.

कळावे,
आपला एक ग्राहक

सोबत : कॉइल हेड्स, उपसलेल्या वाती, खरेदीची पावती, ईमेलची प्रत