काचेच्या कपाटातली टकळी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा एका संग्रहालयात (नाव मुद्दाम लिहीत नाही) मधोमध भोक असलेल्या मातीच्या गोल चकत्या बघितल्या, खाली चिठ्ठी काय तर 'मातीच्या वस्तू', बास. ज्यांनी शाळेत सूतकताईचा तास केलाय ते लांबूनच सांगतील की बाबा ही टकळीची, म्हणजे हाताने सूत कातायच्या काडीची चकती, काडी कुजून गेली आणि चकती तेवढी उरली. शेजारी उभ्या कॉलेजच्या पोरांना ती बटणं वाटली, त्यांचा तरी काय दोष.

आपल्या हवेत कापड टिकत नाही हो. आमच्या इथे नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत ओवलेला दोरा सापडला, कापूस आणि रेशमाचा, तीन हजार वर्षांहून जुना, आणि तो वाचला कशामुळे तर तांब्याच्या गंजामुळे. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला असाच जवसाचा धागा मिळाला. एवढे तुकडे सोडले तर बाकीचं सगळं हत्यारांवरूनच ओळखायचं, आणि हत्यार चालवल्याशिवाय कसं कळणार?

कोपनहेगन विद्यापीठात २००५ पासून सेंटर फॉर टेक्सटाइल रिसर्च आहे, त्यांनी जुन्या चकत्यांच्या हुबेहूब नकला करून सराईत कातणाऱ्यांच्या हातात दिल्या. ८ ग्रॅमची चकती लावली की सूत बारीक येतं, १८ ची लावली की जाड. उभ्या मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, जी मातीची वजनं टांगतात त्यांचंही तसंच, वजनावर धाग्याचा ताण ठरतो हे कुणीही सांगेल पण वजन किती जाड आहे त्यावर कापड घट्ट की विरळ हे ठरतं, ते मागावर बसून विणल्यावरच लक्षात आलं.

पण हे आकडे उचलून आपल्याकडे चिकटवू नयेत असं माझं मत. त्यांनी कातली लोकर नाहीतर जवस, तीही हवेत लोंबत्या टकळीवर, म्हणजे चकतीचा सगळा भार धाग्यावर. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा, त्याला तेवढा भार सोसत नाही, पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) तुटतो, म्हणून आपण टकळीचं टोक वाटीत टेकवून फिरवतो. मग वजनाचं गणितच बदललं ना! नेवाशासारख्या गावांतल्या चकत्यांसाठी प्रयोग इथलाच पाहिजे, इथल्या कापसावर, इथल्या हातांनी.

आणि हात आहेत अजून. सूतकताई शिकवलेले रिटायर्ड मास्तर आहेत, चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर घोंगडी विणणारे सनगर आहेत, मात्र त्यांना बोलवायचं तर नुसतं फोटोपुरतं नको, मेहनताना द्या आणि अहवालात नाव छापा. तोपर्यंत संग्रहालयवाल्यांनी कपाटाबाहेर दोन वेगवेगळ्या वजनाच्या टकळ्या, एक वाटी आणि चार पेळू ठेवावेत, कुंभाराकडून चकत्या करून घ्यायला असा काय खर्च येतो?

— एक वाचक, श्रीरामपूर