वस्तादचा नातू

सातारा,
३ ऑगस्ट २०२५

दोस्ता,
सप्रेम जय भीम.

दोन वर्षं झाली, ना फोन ना पत्र. थोरल्याच्या लग्नालाही आलो नाही. राग धरला असशील तर बरोबरच आहे, भेटल्यावर चार शिव्या घाल. माझी बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक.

गेल्या रविवारी वस्तादची बायको, आपल्या वहिनी, आल्या होत्या, नातवाला घेऊन. पोरगं अठराचं. तीच मान, तेच कान. अग्निवीरची लेखी पास झालाय, आता ग्राउंड. सोळाशे मीटर पाच-वीसमध्ये काढतो म्हणाला, बीमवर पुलअप दहा. आशीर्वाद मागायला आला होता. पाठीवरून हात फिरवला, पण तोंडातून शब्द फुटेना.

पोरगं अंगणात गेलं तशा वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांना अग्नी कुणी दिला?"

अडतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं रे. तार आली, काळी ट्रंक आली, अस्थी आल्या, तोंड काही बघायला मिळालं नाही. पार्थिव गावी आणायची रीत पडली ती कारगिलपासून. श्रीलंकेत आपले बाराशेच्या आसपास गेले, त्यातल्या कितीकांची नुसती राख घरी आली.

मी सांगितलं, तू दिलास. पावसानं लाकडं भिजलेली, पडक्या घराचे ताडाचे वासे रचले, दोनदा विझलं आणि तू तिसऱ्यांदा रॉकेल ओतलंस, हे काही सांगितलं नाही. मी त्याचा गाववाला, मीच देणार म्हणून भांडत होतो आणि तू मला ढकलून दिलंस, तेही नाही. त्यावरून आपण किती दिवस पलटणीच्या लंगरमध्ये पाठीला पाठ लावून जेवलो! मग एक दिवस तू माझ्या ताटातली पुरी पळवलीस आणि भांडण मिटलं. एका पुरीवर मिटणारं भांडण मी परत पाहिलं नाही. पण आज म्हणतो, तू दिलास तेच बरं. माझे हात थरथरत होते.

रात्री झोप लागली नाही. सत्त्याऐंशीला आपण श्रीलंकेत शांतिसेना म्हणून गेलो होतो. ऑगस्टात जाफन्यातल्या बायकांनी हार घातले आणि ऑक्टोबरात त्याच रस्त्यांवर सुरुंग. २५ नोव्हेंबरला मेजर परमेश्वरन साहेब गेले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्यानंतर नवव्या दिवशी वस्ताद. कोलंबोजवळ, तिथल्या संसदेपाशी, आपल्या लोकांच्या नावांचे दगड आहेत. वहिनींनी तो दगडही पाहिलेला नाही.

पहिल्या महायुद्धात आपल्या अपशिंग्यातले ४६ जण गेले, गावात शिळा आहे. त्यांच्या बायकांनीही कुणाला तरी हेच विचारलं असणार. नवरा कुठल्या देशात पडला हे तरी त्यांना कुणी नीट सांगितलं असेल का? मग एकाहत्तर, मग आपण, मग कारगिलचे ५२७. आणि आता हा मे महिना. पहलगामला २६ माणसं मारली, जबाब द्यायलाच हवा होता, त्यात माझं दुमत नाही. पण चौकात पोरं मोबाईलवर ड्रोन बघून शिट्ट्या मारत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढून पुंछची गोळाबारीत गेलेली शाळकरी लेकरं हलत नव्हती. थकलो रे. दर पंधरा-वीस वर्षांनी तीच ट्रंक, फक्त घर दुसरं.

त्या पोराला "नको जाऊस" कोणत्या तोंडानं म्हणू? पलटणीनं मला माणूस केलं, तिचीच पेन्शन खातो. "जा" म्हणावं तर वहिनी समोर बसलेल्या. त्यात चार वर्षांनी फौज चार अग्निवीरांतला एकच ठेवणार. वहिनी ना हो म्हणतात ना नाही. एवढंच म्हणाल्या, "अग्नी दिला त्यांना एकदा बोलवा, मला भेटायचंय."

तेव्हा ये. तुझ्या मंडळींचा गुडघा आता बरा असेल तर त्यांनाही आण. सूनबाई रुळली का? पुढच्या शनिवारी संध्याकाळची एसटी धर, मी स्टँडवर थांबतो. मुक्कामाच्या तयारीनंच ये. पोरगं पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळायला जातं, त्याच्याशी काय बोलायचं ते तिथंच बोलू. वहिनींकडे मात्र पुढे तू जा, मी मागून येतो.

तुझाच